राबाची कड

शिमगा तोंडावर आला की महाडमध्ये दुपार कलल्यावर वाऱ्याबरोबर एक वास येतो. शेण, पाला, गवत आणि माती, सगळं एकत्र भाजल्याचा. शेजारच्या काकू गच्चीवरचे कपडे घाईघाईने काढतात आणि म्हणतात, “कुणीतरी कचरा पेटवलाय बहुतेक.” मी गप्प राहते. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवून लोकांच्या चुका दुरुस्त करायची मला खोड लागली आहे, समोरच्याने विचारलेलं असो वा नसो. पण हा वास मी कुणाला समजावून सांगत नाही. तिकडे पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला, कुठल्यातरी वाडीत राब भाजला जात असतो आणि मी गच्चीच्या कठड्याला धरून नुसती उभी राहते.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की भाताची आणि नाचणीची रोपं जिथे करायची, तो जमिनीचा तुकडा आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, अगदी वर मातीचा हलका थर. मग पेटवायचं. तण मरतं, माती मोकळी होते आणि राखेत रोप असं तरारतं की बघत राहावं. त्या छाटलेल्या फांद्यांना कवळ म्हणतात. लहानपणी आईच्या मागे डोंगरावर जाऊन मीही कवळाचे भारे वाहिलेत. त्यानंतर दोन दिवस मान वळायची नाही. दर वर्षी कवळासाठी आणखी थोडं वर चढावं लागायचं आणि दर वर्षी आई म्हणायची, “गेल साली हितंच तर झाडं व्हती.” झाडं कुठे गेली हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, कारण ती आमच्याच डोक्यावर होती.

म्हणून माझ्या वहिनीने जळण पिकवायचं काढलं तेव्हा मला ती थोर वाटली. वाडीला ती खुळी वाटली. माझा भाऊ मुंबईत गोदामात कामाला असतो, वहिनी वाडीत. सुमन तिचं नाव. बोलते कमी, पण एकदा मनात घेतलं की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. उताराची वरकस, हलक्या मातीची जमीन घरोघर पडीक होती. तरणी माणसं मुंबईला गेल्यावर तिथे नाचणी करायची कुणी? वहिनी म्हणाली, तिथे गिरीपुष्पाचं झाड लावू. दोन वर्षांत मनगटाएवढं होतं, बुंध्यातून कापलं की परत फुटतं. ते वाळवायचं, बारीक करायचं आणि मशीनमधून दाबून त्याच्या बोटाएवढ्या कांड्या काढायच्या. हायवेवरच्या खानावळी त्या भट्टीसाठी घेतात, आपल्या चुलीतही चालतात. डोंगराला हात लावायचं कामच नाही.

“लाकूड काय पेरतात काय गो?” शेजारची पार्वतीकाकू हसून हसून डोळे पुसत म्हणाली होती.

“भात पेरतो, नाचणी पेरतो. मग जळणानं काय घोडं मारलंय?” वहिनीने विचारलं. अकरा घरं तयार झाली, पार्वतीकाकूचं त्यात पहिलं.

गिरीपुष्प दोन पावसाळ्यांत उभं राहिलं. तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मशीन आलं. एका संस्थेने ते दिलं होतं, पण कायमचं नाही. त्यांची इंजिनियर प्रणाली, माझ्या विद्यार्थिनी असतात तेवढ्याच वयाची वाटणारी मुलगी, जीपमधून मशीनबरोबर आली. मशीनसाठी बांधलेली शेड बघितली, वायरिंग तपासलं आणि शेडच्या आतल्या भिंतीवर खडूने छातीएवढ्या उंचीवर एक आडवी रेघ मारली. पावसाआधी कांड्यांचा ढीग या रेघेपर्यंत यायला हवा. आला तर मशीन इथेच राहील. नाही आला तर पुढच्या वाडीला जाईल, तिथले लोक वाट बघतायत. वहिनीने रेघ आपल्या छातीशी ताडून पाहिली. नंतर पदर खोचून खाली बसली आणि मशीनला कुठे तेल घालायचं ते विचारू लागली.

पहिल्या चाचणीला मी मुद्दाम रजा काढून गेले. भुसा मशीनच्या तोंडात पडत होता आणि खाली जाड लोखंडी चकतीच्या भोकांतून करकर आवाज करत वाफाळत्या कांड्या बाहेर पडत होत्या. गुळगुळीत, चकचकीत, गरम. मी विचारलं, यात डिंक कुठला घालता? प्रणाली म्हणाली, “काही नाही मॅडम. लाकूडच लाकडाला धरतं.” लाकडात एक द्रव्य असतं, दाब आणि उष्णता मिळाली की ते मऊ होतं आणि निवताना सगळं घट्ट बांधून ठेवतं. त्या द्रव्याचं नाव मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं, मुलांकडून पाठ करून घेतलं होतं आणि स्पेलिंग चुकलं म्हणून गुण कापले होते. ते काम करताना मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. एक गरम कांडी हातात घेतली तर तिला भाजलेल्या शेंगांसारखा वास येत होता. मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि खूप आनंद झाला.

भुशात ओल किती हवी हे मोजायला प्रणालीने एक छोटं यंत्र दिलं होतं. दोन दिवसांत त्याचा सेल संपला. वहिनीने भुसा मुठीत धरला, दाबला, सोडला आणि सांगितलं, “जराशी ओल कमी हाय.” तांदळाच्या भाकरीची उकड ती याच मुठीने जोखते. कांड्या बरोबर निघाल्या.

गिरीपुष्प फुलतं ते पानं गळाल्यावर. सगळ्या उतारावर नुसत्या उघड्या काठ्या आणि त्यांच्यावर फिकट गुलाबी फुलं, सकाळच्या उन्हात तर डोळे ठरत नाहीत. कापणी लवकर करायला हवी होती, रेघ सगळ्यांना दिसत होती. तरी वहिनीने फुलं संपेपर्यंत कोयता लावू दिला नाही. “मधमाश्यांचं खाऊन व्हऊ दे,” एवढंच म्हणाली. शिमग्याच्या महिनाभर आधी अकरा घरांच्या बायकांनी आठवड्यात उतार साफ केला. सगळं कापलेलं लाकूड वाळायला एका ठिकाणी आणलं. वाडीत सपाट आणि दिवसभर ऊन खाणारी जागा एकच, आबांच्या दारापुढचा तुकडा.

आबा म्हणजे माझे चुलते. ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे, जेवायला वहिनीकडे. त्या वेळी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला मुलाकडे गेले होते. हिवाळाभर त्या तुकड्यावर गुरं बांधलेली असायची, त्यामुळे खाली शेणाचा थर होता. वहिनीने त्यावर फांद्या पसरल्या. दव पडू नये म्हणून वर छपराचं जुनं गवत घातलं आणि गवत उडू नये म्हणून त्यावर मातीची ढेकळं ठेवली. खाली शेण, मग फांद्या, मग गवत, वर माती. आता हे लिहिताना मला कपाळावर हात मारावासा वाटतो. तेव्हा त्या बायकांपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. त्या तुकड्यावर आबा दर वर्षी आपला राब भाजत.

तो रविवार होता. वाडीतल्या बायका मशीनच्या प्रशिक्षणासाठी सकाळीच पोलादपूरला गेल्या होत्या. मी महाडहून पहिल्या एसटीने निघाले आणि चढ चढून वाडीच्या वळणावर आले तर वर धूर दिसला. आबा दोन दिवसांपूर्वी परतले होते. नव्या डोळ्यांनी, हिरवा चष्मा लावून, हातात एक ओली डहाळी घेऊन ते आगीच्या बाजूने पाठमोरे चालत होते.

“बघ गो बाय!” मला बघून ते ओरडले. इतका फुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. “मी नव्हतो तर सुमननं माजा राब रचून ठेवलान! आणि कसा रचलान बघ! जाडजूड लाकूड घातलान पोरीनं.”

मी काय केलं? मी दगडावर बसले आणि बघत राहिले. लहानपणी आईच्या मांडीवरून बघायचे तशी. त्यांनी वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवलं होतं, त्यामुळे आग धावत नव्हती, वाऱ्याला तोंड देत पावलापावलाने मागे सरकत होती. आबा तिच्याबरोबर सरकत होते. कुठे जीभ बाहेर आली की डहाळीचा एक हलका फटका, कुठे ओंजळभर माती. ज्वाळा नेहमीपेक्षा उंच होत्या हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्या बोलण्यातून ‘जाडजूड लाकूड’ माझ्या कानांवरही पडलं. लाकूड कुठेतरी वाळत घातलंय हे मला ठाऊक होतं. कुठे, ते मी विचारलं नव्हतं. मी मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला आणि आठवीच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ज्वलन, प्रत्यक्ष.’

तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. आग फारच सुंदर दिसते त्यात.

दुपारी बायका परत आल्या. वहिनी सगळ्यांच्या पुढे होती, हातात प्रशिक्षणाची फाइल. तुकड्याच्या कडेला येऊन ती थांबली. आत राखेचा थर, त्यात अजून लाल डोळे लुकलुकत होते. आबा पायरीवर पाणी पीत बसले होते. ते उठून तिच्याकडे आले, कौतुक करायला.

“आबा,” वहिनी म्हणाली, “ते मशीनचं लाकूड व्हतं.”

आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला.   वहिनीने फाइल पिशवीत घातली, घरात गेली आणि भात टाकला. संध्याकाळी तिने आबांचं ताट नेहमीसारखं वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेना. ताट वेळेवर जायचं, पाण्याचा तांब्या भरलेला असायचा, अंथरूण झटकलेलं असायचं. फक्त बोलणं बंद. आबांना ते जेवण कसं जात असेल, असं मला महाडमध्ये जेवताना रोज वाटायचं.

भावाचा मुंबईहून फोन आला. “टेन्शन नको घेऊ गो. मशीन गया तो गया. पुढल्या साली बघू.” वहिनी फोन कानाला लावून ऐकत होती. ठेवताना म्हणाली, “पुढल्या साली मशीन दुसरीकडं असंल. अकरा घरांना मी हो म्हणायला लावलंय, तुम्ही नाय.”

त्याच आठवड्यात मी उतारावर एकटी चढून गेले. कापलेल्या बुंध्यांच्या रांगा, तापलेली लाल माती, कुठे ओलाव्याचा थेंब नाही. एका बुंध्यापाशी खाली वाकले. सालीतून हिरवा कोंब बाहेर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारच्या बुंध्याला दोन, त्याच्या पलीकडच्याला पाच. दिवाळीपासून पाणी नव्हतं, पुढे अडीच महिने पाऊस नव्हता आणि ही झाडं वर यायला निघाली होती. हे कसं होतं ते मला माहीत आहे. मुळांत साठवलेलं अन्न, सुप्त डोळे, मी सांगू शकते. पण तिथे उन्हात उकिडवं बसून त्या कोंबांकडे बघताना मी हात जोडले. कुणी बघितलं असतं तर बाईंना ऊन लागलं म्हणाले असते.

कोंब मशीनमध्ये घालता येत नाहीत. लाकूड हवं होतं, तेही वाळलेलं, तेही डोंगराला हात न लावता. देवळात गावकी बसली. आबा खांबाला टेकून लांब बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग पार्वतीकाकू उठली.

“माज्या दारात कवळ रचून ठेवलाय राबाचा. झाला तो तोडून झाला. भाजायच्या जागी मशीनमध्ये घाला.”

“आणि रोपं कशात करशील?” कुणीतरी विचारलं. कवळ दिला म्हणजे राब गेला, राब गेला म्हणजे रोप गेलं. साध्या जमिनीत पेरून पाहायची छाती वाडीत कुणाची नव्हती.

 तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. खाली मान घालूनच ते बोलत होते.

“माजा तुकडा भाजून झालाय. अकरा घरांचं लाकूड जाळलंय त्यात, राख ढोपरभर हाय. सगळ्यांनी आपलं बियाणं घेऊन या. माज्या राबात पेरा.”

एकाच्या राबात सगळ्यांनी पेरायचं, असं आमच्या वाडीत कधी झालं नव्हतं. राब ज्याचा त्याचा. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा आधी राबाचा तुकडा वाटतात.  पार्वतीकाकू म्हणाली, “मग काय, येतो आम्ही,” आणि ते ठरून गेलं. अकरा घरांच्या दारांतून कवळाचे भारे निघाले आणि शेडच्या दिशेने चालू लागले. त्यात ऐन होता, किंजळ होता, करवंदीच्या काटक्या होत्या, पाला होता, सगळं मिसळलेलं. कांड्या काळपट निघू लागल्या. वहिनी मुठीत भुसा दाबून बघायची, पाणी शिंपडायची, परत बघायची. मी शनिवार-रविवार जाऊन लाकूड बारीक करणाऱ्या कुट्टी मशीनवर उभी राहायचे. सुट्टी लागल्यावर तर तिथेच राहिले. केसांत, भुवयांत, डब्यातल्या पोळीत भुसा. ढीग कमरेला आला, मग पोटाला. वैशाखाच्या शेवटी एका सकाळी वहिनीने शेवटचं घमेलं ओतलं आणि रेघ कांड्यांच्या मागे दिसेनाशी झाली.  एवढा डोंगराएवढा जाळ आपण हातांनी दाबून एका कोपऱ्यात बसवलाय, हे बघून मी आठवण म्हणून एक कांडी पिशवीत टाकली.

तीन दिवसांनी प्रणाली आली. ढीग बघून खूश झाली. मग एक कांडी हातात घेऊन मोडून बघितली, वास घेतला.

“हे गिरीपुष्प नाही. पालाही आहे यात. तुमची सगळी कापणी कुठे गेली?”

 आबा दाराबाहेर उभे होते. वहिनीने जमिनीकडे नजर लावली. मला वाटलं, शिकलेली मी, शुद्ध बोलणारी मी, आता मीच काहीतरी करायला हवं. म्हाताऱ्या माणसाची शोभा नको.

“वणव्यात गेली हो,” मी म्हणाले. “उन्हाळ्यात डोंगरात वणवे लागतातच.”

सगळ्यांनी माना हलवल्या. प्रणालीचा चेहरा उतरला. तिने वही मिटली.

“मॅडम, हे आधी सांगायला हवं होतं. वणवा वस्तीपर्यंत येत असेल तर मशीन इथे ठेवता येत नाही. एवढा सुका माल, शेजारी घरं. आमचा लेखी नियम आहे. मला वाईट वाटतं, पण मशीन न्यावं लागेल.”

 एका वाक्यात मी तीन महिन्यांची मेहनत मातीत घातली होती. खोटं बोलल्याचं कबूल करायला तोंड उघडणार तेवढ्यात आबा शेडमध्ये आले. चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला.

“वणवा नाय,” ते म्हणाले. “ही पोर माज्यासाठी खोटं बोलतेय. मी पेटवलं. राब समजून पेटवलं.”

प्रणालीने विचारलं, “एवढा मोठा ढीग? कधी?”

“शिमग्याच्या आधी. सकाळच्या पाराला.”

“पण आजोबा, सगळीकडे वाळलेलं गवत. वर जंगल. आग पसरली कशी नाही?”

आबांना तो प्रश्नच कळला नाही. त्यांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघितलं.

“का पसरंल?” ते म्हणाले. “मी लावली ना.”

प्रणाली शेडबाहेर पडली. आम्ही सगळे तिच्या मागून. ती आबांच्या तुकड्यापाशी जाऊन थांबली. अडीच महिने झाले होते, राख तशीच होती. तुकड्याची कड दोरी लावून आखल्यासारखी सरळ. आत काळंभोर आणि कडेबाहेर एक वीतभर अंतरावर सोनेरी वाळलं गवत, गुडघाभर, चारी बाजूंनी उभं. त्याचं एक पातंही करपलेलं नव्हतं. त्या गवतातल्या एका झुडपात कोळ्याचं जाळंसुद्धा होतं. प्रणाली खाली बसली. एक हात राखेवर ठेवला, एक गवतावर. मीही तेव्हाच ते पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या दिवशी मी ज्वाळांचा व्हिडिओ घेत बसले होते, कड बघितलीच नव्हती. पदवी आहे माझ्याकडे, प्रयोगशाळा आहे, अग्निशमनाची सिलिंडरं आहेत. हे मला शंभर वर्षं मिळाली तरी जमणार नाही.

“मशीन राहू दे,” प्रणाली उठताना म्हणाली.  वहीत तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

जीप वळणाआड गेली. बायका आनंदाने कलकलाट करत शेडकडे पळाल्या. आबा तिथेच, राखेच्या कडेला उभे होते, आता घरी जावं की थांबावं ते न कळून. वहिनी त्यांच्याजवळ गेली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आबा,” ती म्हणाली, “पुढल्या कापणीचं लाकूड कुठं वाळत घालायचं, ती जागा तुम्ही दाखवा.”